मतदानाची सक्ती : आधी कोणावर?

(नागपूर येथे झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



१९ एप्रिल २०२४ रोजी नागपूर लोकसभा मतदारसंघात मतदान झाले. मतदारयादीत सव्वाबावीस लाखांच्या आसपास नावे होती. त्यांपैकी बारा लाखांच्या जवळपास मतदार केंद्रापर्यंत पोहोचले. टक्केवारी भरली ५४. उरलेले दहा लाख नागरिक त्या दिवशी कुठे होते, हा आजच्या विवेचनाचा विषय आहे.

त्याच दिवशी, त्याच विदर्भात, गडचिरोली-चिमूर मतदारसंघात सुमारे ७२ टक्के मतदान झाले. तेथील दुर्गम केंद्रांवर मतदान पथके हेलिकॉप्टरने उतरवावी लागतात. नक्षलग्रस्त पट्ट्यात सुरक्षेसाठी दुपारी तीन वाजताच मतदान थांबवले जाते. बहिष्काराच्या धमक्या तर त्या भागाला दशकानुदशके परिचित आहेत. तरीही माणसे रानातून पायी चालत आली आणि बोटाला शाई लावून परत गेली. नागपुरात केंद्र शेजारच्या शाळेत असते, रस्ता डांबरी असतो, दिवस भरपगारी सुटीचा असतो. उन्हाचे कारण नेहमी सांगितले जाते. ऊन गडचिरोलीतही नागपूरइतकेच असते.

हे एका वर्षाचे चित्र नाही. २००९ मध्ये नागपूरचा आकडा ४३ टक्क्यांपर्यंत घसरला होता. २०१४ च्या लाटेत तो ५७ वर गेला, २०१९ मध्ये ५५ वर आला आणि २०२४ मध्ये आणखी किंचित खाली. देशाच्या मध्यबिंदूवर वसलेले, उच्च न्यायालयाचे खंडपीठ, विद्यापीठ आणि विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन ज्या शहरात आहे, त्या शहराची ही अवस्था. साहजिकच सुजाण माणसाला संताप येतो आणि संतापाच्या भरात तो म्हणतो, 'आता कायदाच करा. जो मत देणार नाही त्याला दंड करा, त्याचे रेशन बंद करा, पासपोर्ट अडवा.' दिवाणखान्यातील चर्चेत हा उपाय हमखास निघतो. विशेष म्हणजे तो सुचवणाऱ्यांपैकी काहींच्या बोटावर शाई नसते.

या सूचनेची टवाळी करण्याचे कारण नाही. तिच्यामागे लोकशाहीविषयीची तळमळ आहे आणि ती जबाबदार व्यासपीठांवरूनही मांडली गेली आहे. शेजारच्या गुजरातने तर हा प्रयोग करून पाहिला. डिसेंबर २००९ मध्ये तेथील विधानसभेने स्थानिक स्वराज्य संस्थांच्या निवडणुकांत मतदान अनिवार्य करणारे विधेयक संमत केले. तत्कालीन राज्यपाल कमला बेनिवाल यांनी ते परत पाठवले. २०११ मध्ये विधानसभेने ते पुन्हा संमत केले. अखेर नोव्हेंबर २०१४ मध्ये राज्यपाल ओमप्रकाश कोहली यांची स्वाक्षरी झाली आणि २०१५ मध्ये नियम निघाले. दंड ठरला शंभर रुपये. ऑगस्ट २०१५ मध्ये गुजरात उच्च न्यायालयाने अंमलबजावणीस स्थगिती दिली आणि त्या वर्षअखेरच्या निवडणुका सक्तीविनाच पार पडल्या.

केंद्रीय स्तरावरही हा विषय वारंवार तपासला गेला. १९९० मध्ये दिनेश गोस्वामी समितीने व्यावहारिक अडचणींमुळे तो बाजूला ठेवला. मार्च २०१५ मध्ये न्यायमूर्ती अजित प्रकाश शहा यांच्या अध्यक्षतेखालील विधी आयोगाने आपल्या २५५ व्या अहवालात सक्तीच्या विरोधात स्पष्ट मत दिले. कायद्याचे अक्षरही प्रतिकूल आहे. १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यातील कलम ७९ मध्ये 'निवडणूकविषयक अधिकारा'ची जी व्याख्या आहे, तिच्यात मत देण्याबरोबरच मत देण्यापासून दूर राहण्याचाही समावेश आहे.

परंतु कायद्याचा कीस क्षणभर बाजूला ठेवून नागपूरचेच गणित मांडावे. दहा लाख अनुपस्थितांना दहा लाख नोटिसा काढाव्या लागतील. प्रत्येकाला खुलाशाची संधी द्यावी लागेल. खुलासा ग्राह्य की अग्राह्य, हे ठरवणारा अधिकारी लागेल, त्याच्यावर अपील लागेल. ज्या महसूल यंत्रणेकडून सातबाऱ्यावरील फेरफार वेळेवर होत नाही, तिच्याच टेबलावर हा ढीग येऊन पडणार. शंभर रुपयांच्या वसुलीसाठी किती रुपयांचा कागद आणि किती दिवसांची रोजंदारी खर्ची पडेल, याचा हिशेब कोणत्याही गृहिणीला करता येईल.

आणि या नोटिसा जातील कोणाला? अनुपस्थित मतदार म्हणजे सरसकट बेफिकीर मतदार, हे गृहीतच तपासून पाहिले पाहिजे.

पहिला गट आहे केंद्रावर जाऊन परत आलेल्यांचा. २०२४ मध्ये नागपुरात यादीत नाव न सापडल्याच्या तक्रारी मोठ्या प्रमाणावर झाल्या. कुटुंबातील चौघांपैकी दोघांची नावे एका केंद्रावर, तिसऱ्याचे दुसऱ्याच शाळेत आणि चौथ्याचे कुठेच नाही, हा अनुभव या सभागृहातील अनेकांना असेल. उलट बाजूने, दिवंगत झालेल्यांची आणि घर बदलून गेलेल्यांची नावे यादीत मुक्कामाला असतात. म्हणजे 'अनुपस्थित' म्हणून मोजल्या गेलेल्यांपैकी काही जण या जगातच नाहीत. नोटीस त्यांनाही निघेल.

यादीचे हे दुखणे पहिल्या निवडणुकीइतके जुने आहे. १९५१-५२ मध्ये नागपूर तत्कालीन मध्य प्रदेशाची राजधानी होते. त्या वेळी उत्तर आणि मध्य भारतातील असंख्य स्त्रियांनी परक्या माणसाला आपले नाव सांगण्यास नकार दिला. 'अमक्याची पत्नी', 'तमक्याची आई' एवढीच नोंद केली. पहिले मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी अशा नोंदी मान्य केल्या नाहीत. सुमारे २८ लाख स्त्रिया त्या निवडणुकीत मताला मुकल्या. निर्णय कठोर होता, त्यावर टीकाही झाली. पण त्यानंतरच्या काळात त्याच घरांतील स्त्रियांनी स्वतःची नावे नोंदवली. यंत्रणेने दारोदार जाऊन समजावले, समाजातील कार्यकर्त्यांनी साथ दिली. दंड कोणालाही झाला नव्हता.

दुसरा गट परगावी असलेल्यांचा. नागपूरच्या मध्यमवर्गीय वस्त्यांत घरटी एक मुलगा किंवा मुलगी पुणे, हैदराबाद किंवा बंगळुरूला नोकरीस आहे. नाव मात्र आईवडिलांच्या घरच्या पत्त्यावर. एका मतासाठी येण्याजाण्याचे हजारो रुपये आणि दोन दिवसांची रजा ज्याला परवडते, तोच येतो. विटाभट्टीवर किंवा बांधकामावर गेलेल्या मजुराची गोष्ट तर बोलायलाच नको. अशा स्थलांतरित मतदारांसाठी दूरस्थ मतदान यंत्राचा आराखडा निवडणूक आयोगाने डिसेंबर २०२२ मध्ये जाहीर केला आणि जानेवारी २०२३ मध्ये राजकीय पक्षांना पाचारण केले. पक्षांचे एकमत झाले नाही आणि २०२४ ची निवडणूक त्या यंत्राविनाच झाली. मत देण्याची सोय न करता न दिल्याबद्दल दंड करणे, याला न्याय म्हणता येणार नाही. ज्या ऑस्ट्रेलियाचा दाखला सदैव दिला जातो, तेथे मतदान शनिवारी असते, टपालाने आणि आगाऊ मत देण्याची मुभा असते, आपल्या राज्यातील दुसऱ्या गावच्या केंद्रावरही मत नोंदवता येते. १९२२ मध्ये तेथील मतदान ६० टक्क्यांच्या खाली गेले, १९२४ मध्ये सक्तीचा कायदा झाला आणि १९२५ मध्ये आकडा ९१ टक्क्यांवर पोहोचला, हे खरे. तो कायदा एका सदस्याच्या अशासकीय विधेयकातून आला, हेही लक्षात घेण्याजोगे आहे. परंतु तेथे शासनाने स्वतःवर घेतलेले ओझे नागरिकावर टाकलेल्या ओझ्याहून हलके नाही. आपल्याकडे दाखला देणारे केवळ दंडाचा भाग सांगतात.

तिसरा गट खऱ्या अर्थाने चिंतेचा आहे. याचे नाव यादीत आहे, तो गावातच आहे, केंद्र दोनशे पावलांवर आहे. तरीही तो जात नाही. त्याला विचारले तर तो म्हणतो, 'काय फरक पडतो?' हा प्रश्न आळसातून आला असे समजून त्याची संभावना करणे सोपे आहे. नागपूरकरांच्या बाबतीत तरी तो इतका सोपा नाही.

२१ फेब्रुवारी २०१७ रोजी नागपूर महानगरपालिकेची निवडणूक झाली. १५१ नगरसेवक निवडून आले. त्यांची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली. राज्यघटनेचे कलम २४३-यू निःसंदिग्ध आहे : नगरपालिकेचा कार्यकाळ पाच वर्षांचा, आणि तो संपण्यापूर्वी पुढील निवडणूक पूर्ण झाली पाहिजे. १९९२ च्या चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने हे बंधन घातले ते याच हेतूने, की पूर्वीप्रमाणे प्रशासक नेमून वर्षानुवर्षे कारभार हाकला जाऊ नये. प्रत्यक्षात काय झाले? इतर मागासवर्गाच्या आरक्षणाचा प्रश्न न्यायालयात गेला. मार्च २०२१ च्या निकालाने घातलेल्या तिहेरी कसोटीची पूर्तता वेळेत झाली नाही. प्रभागांची रचना आणि सदस्यसंख्या एका सरकारने बदलली, दुसऱ्याने फिरवली. तारखांवर तारखा पडत गेल्या. या काळात मुंबईत वेगवेगळ्या आघाड्यांची सरकारे येऊन गेली, त्यामुळे दोष एका पक्षाच्या पदरात घालून मोकळे होता येणार नाही. अखेर ६ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निवडणुका घेण्याचा आदेश दिला, पुढे ३१ जानेवारी २०२६ ची अंतिम मर्यादा घातली आणि १५ जानेवारी २०२६ रोजी नागपूरकरांना महापालिकेसाठी मत देता आले. मधली जवळजवळ चार वर्षे हे शहर एकाही निर्वाचित नगरसेवकाविना होते.

ही चार वर्षे कागदावरची नव्हती. २२ सप्टेंबर २०२३ च्या रात्रीपासून शहरावर काही तासांत शंभर मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळला. अंबाझरी तलाव ओसंडून वाहिला, नाग नदी पात्र सोडून वस्त्यांत शिरली. अंबाझरी लेआऊट, डागा लेआऊट, कॉर्पोरेशन कॉलनी या भागांत पहाटे झोपेतून उठलेल्या माणसांच्या कमरेला पाणी लागले. लष्कराच्या आणि आपत्ती दलाच्या नावांतून वृद्धांना बाहेर काढावे लागले. जीवितहानी झाली. आयुष्यभराची पुंजी घालून उभारलेल्या घरांतील धान्य, पुस्तके, विवाहाचे अल्बम, मुलांची प्रमाणपत्रे चिखलात गेली. दुसऱ्या दिवशी या माणसांनी कोणाचे दार ठोठवायचे? प्रभागाचा नगरसेवक नव्हता. स्थायी समिती नव्हती. जाब विचारण्यासाठी महापौर नव्हता, की प्रश्न मांडण्यासाठी सभागृह नव्हते. होते ते प्रशासक. ते अधिकारी कितीही कार्यक्षम असोत, त्यांना नागपूरकराच्या मताने नेमले नव्हते आणि त्याच्या मताने काढताही येत नव्हते. शेवटी रहिवाशांना उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात जनहित याचिका घेऊन जावे लागले. मतदाराने मत देऊन जे मिळवायचे, ते त्याने वकील लावून मागितले.

नगरसेवक असता तर पूर आला नसता, असे कोणी म्हणणार नाही. नाल्यावरील अतिक्रमणे नगरसेवकांच्या काळातही झाली, किंबहुना काही ठिकाणी त्यांच्या आशीर्वादानेच झाली. तरीही निवडून आलेल्या माणसाला पुढच्या खेपेस त्याच गल्लीत यायचे असते. हा धाक गेला की 'काय फरक पडतो' या प्रश्नाला उत्तर उरत नाही. सक्तीचा कायदा त्या काळात नागपुरात असता, तर मत न दिल्याबद्दल अंबाझरीच्या रहिवाशाला दंड झाला असता. चार वर्षे मतदानच न घेणाऱ्यांना दंड करणारे कलम मात्र कोणत्याही प्रस्तावात आढळत नाही.

नागपूरचा मतदार उपजत उदासीन आहे, असेही इतिहास सांगत नाही. १९६२ मध्ये काँग्रेसचा दबदबा ऐन भरात असताना याच शहराने लोकनायक बापूजी अणे यांना अपक्ष म्हणून लोकसभेत पाठवले. १९७१ मध्ये देशभर इंदिरा गांधींची लाट असताना नागपूरने जांबुवंतराव धोटे यांना निवडून दिले. दोन्ही वेळा स्वतंत्र विदर्भाचा प्रश्न मतदारांच्या मनात होता. त्या मागणीविषयी मतभेद असू शकतात. आपल्या मताने काहीतरी ठरणार आहे असे वाटले, तेव्हा हे शहर प्रवाहाविरुद्धही उभे राहिले, एवढे त्यातून निश्चित दिसते.

अलीकडचा दाखला तर साऱ्या राज्याचा आहे. मे २०२४ मध्ये संपलेल्या लोकसभेच्या टप्प्यांत महाराष्ट्रात सुमारे ६१ टक्के मतदान झाले. २० नोव्हेंबर २०२४ रोजी विधानसभेसाठी ते ६६ टक्क्यांवर गेले. १९९५ नंतरचा हा सर्वांत मोठा आकडा होता. सहा महिन्यांत कायदा बदलला नव्हता. स्त्रियांना थेट लाभ देणारी योजना मध्ये आली होती, गावोगावी शेकडो स्वयंसेवी गटांनी घरोघरी जाऊन मतदानाचे आवाहन केले होते, आणि लोकसभेच्या निकालाने दोन्ही बाजूंच्या मतदारांना आपले मत मोलाचे असल्याची जाणीव झाली होती. यांतील कशाचा वाटा किती, याचा वाद अभ्यासकांनी घालावा. शिपाई पाठवून कोणालाही केंद्रावर आणले नव्हते.

मग जाणाऱ्याने जाऊन नकाराधिकार वापरावा का? २७ सप्टेंबर २०१३ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने 'नोटा'चे बटण आले. २०१९ च्या विधानसभा निवडणुकीत लातूर ग्रामीण आणि पलूस-कडेगाव या मतदारसंघांत नोटा दुसऱ्या क्रमांकावर राहिला. २०२४ मध्ये इंदूरमध्ये प्रमुख विरोधी उमेदवाराने माघार घेतल्यावर दोन लाखांहून अधिक मतदारांनी नोटाचे बटण दाबले. घरी बसलेल्यापेक्षा हा मतदार कितीतरी पटीने जागृत आहे, हे मान्यच करावे लागेल. परंतु लोकसभा-विधानसभेत नोटाला कितीही मते पडली तरी उरलेल्यांतील पहिला निवडून येतो. १८ ऑक्टोबर २०१८ रोजी रेशीमबागेतील विजयादशमी उत्सवात सरसंघचालक डॉ. मोहनजी भागवत यांनी याच उणिवेकडे लक्ष वेधले होते : शंभर टक्के चांगला कोणी मिळणार नाही, उपलब्धांतील सर्वांत चांगला निवडावा, अन्यथा लाभ सर्वांत अयोग्य माणसाचा होतो. हा विचार व्यवहाराचा आहे. मात्र त्याचा दुसरा अर्धा भाग पक्षांना लागू होतो. उपलब्धांत निवडण्याजोगा कोणीतरी असावा, ही जबाबदारी उमेदवारी देणाऱ्यांची आहे. आणि कधी कधी तर उपलब्ध एकच असतो. एप्रिल २०२४ मध्ये सुरत लोकसभा मतदारसंघात एकाचा अर्ज बाद झाला, बाकीच्यांनी माघार घेतली आणि लाखो मतदारांना, त्यांत पोटापाण्यासाठी तेथे स्थायिक झालेल्या खानदेशी बांधवांनाही, मतदानाचा दिवस उगवलाच नाही. सक्तीचा कायदा देशात सर्वप्रथम ज्या राज्याने केला, त्याच राज्यातील ही घटना आहे.

परदेशांचा अनुभवही एका बाजूने बोलत नाही. नेदरलँड्सने १९७० मध्ये सक्ती उठवली. आकडा घसरला, तरी संसदीय निवडणुकांत तेथे आजही चारपैकी तीन मतदार स्वेच्छेने येतात. चिलीने २०१२ मध्ये सक्ती काढली, मतदान निम्म्यावर आले आणि २०२२ च्या घटनाविषयक सार्वमतासाठी सक्ती परत आणावी लागली. म्हणजे दंडाने टक्केवारी वाढते, यात शंका नाही. रांगेत उभ्या असलेल्या माणसाचा विश्वास त्याने वाढतो का, हे टक्केवारी सांगत नाही.

भारतीय मनाला कर्तव्य आणि दंड यांतील भेद निराळा शिकवावा लागत नाही. आईवडिलांची सेवा हे कर्तव्य आहे. ती पोलिसाच्या भीतीने होऊ लागली तर घर उरत नाही, अनाथालय उरते. याच दृष्टीने एक सूचना पुन्हा बाहेर काढण्यासारखी आहे. अटलबिहारी वाजपेयी यांच्या सरकारने २००० मध्ये न्यायमूर्ती वेंकटचलय्या यांच्या अध्यक्षतेखाली राज्यघटनेच्या कार्याचा आढावा घेणारा आयोग नेमला. २००२ च्या अहवालात आयोगाने सुचवले, की कलम ५१-ए मधील मूलभूत कर्तव्यांत मतदान करणे आणि कर भरणे यांचा समावेश करावा. त्याच वर्षी त्या यादीत अकरावे कर्तव्य जोडले गेले, ते मुलांच्या शिक्षणाचे. मतदान मात्र बाहेरच राहिले. मूलभूत कर्तव्य मोडल्यास शिक्षा नसते, परंतु ते शाळेच्या पाठ्यपुस्तकात येते, न्यायालयांच्या विचारात येते आणि शासनाच्या धोरणात त्याला वजन मिळते. त्याला जोडूनच, मुदतीत निवडणूक न घेणाऱ्या शासनाला उत्तरदायी धरणारी तरतूद केली, तर मतदाराला केलेला उपदेश पोकळ वाटणार नाही.

तोवर कार्यकर्त्याच्या हाती जे आहे ते साधे आणि काहीसे कंटाळवाणे आहे. मतदानाच्या आदल्या आठवड्यात चिठ्ठ्या वाटून यादी दुरुस्त होत नाही. ती दुरुस्त होते निवडणूक नसलेल्या वर्षी. वस्तीतील अठरा पूर्ण झालेल्यांचे नाव नोंदवणे, दिवंगतांचे वगळण्यासाठी अर्ज देणे, लग्न होऊन आलेल्या सुनेचे नाव माहेरच्या यादीतून इकडे आणणे, भाड्याचे घर बदललेल्यांचा पत्ता फिरवणे, पुण्याला स्थिरावलेल्या मुलाला तिकडेच नोंदणी करण्यास सांगणे. हे काम केंद्रस्तरीय अधिकाऱ्याचे आहे, असे म्हणून थांबता येईल. पण तो अधिकारी बहुधा एखादी शिक्षिका किंवा अंगणवाडी सेविका असते, आपली शाळा सांभाळून सायंकाळी जिने चढणारी. तिला वस्तीतला एक माहीतगार माणूस सोबत मिळाला, तर शेकडो नोंदी एका आठवड्यात तपासून होतात.

१५ जानेवारी २०२६ रोजी निवडून आलेल्या नागपूर महापालिकेचा पाच वर्षांचा कार्यकाळ २०३१ च्या प्रारंभी संपेल. कलम २४३-यू प्रमाणे त्यापूर्वी पुढचे मतदान पूर्ण झालेले असले पाहिजे. जनगणना, प्रभागरचना, आरक्षण यांची कामे त्या दृष्टीने २०३० च्या आधीच हातावेगळी करावी लागतील, आणि ती होत आहेत की नाही, हे विचारण्यासाठी नागपूरकरांना आता पुन्हा नगरसेवक आहेत.